कंबरेची सुई डोक्यात

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, सख्ख्या भाच्याच्या साखरपुड्यात, दोन्हीकडचे मिळून तीनशे पाहुणे समोर बसलेले असताना माझ्या डोक्यातून सुई निघाली. खरीखुरी. बोटभर लांब, केसाएवढी बारीक, आणि मुठीशी तांब्याची तार गुंडाळलेली. लोकांच्या डोक्यातून कोंडा निघतो, फार तर ऊ निघते. माझ्या डोक्यातून धातू निघाला. मी तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या डोक्यातून आक्षेपार्ह असं काहीही निघालेलं नाही, हे माझे साहेबसुद्धा कबूल करतील.

आता तुम्ही विचाराल, सुई डोक्यात गेली कशी? तर त्याची सुरुवात 'चालेल' ह्या शब्दापासून झाली.

देवकी म्हणजे माझी बायको. हिचा मूळ स्वभाव नाही म्हणण्याचा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली तीस वर्षं ह्या घरात माझा एकही प्रस्ताव पहिल्या फटक्यात मंजूर झालेला नाही. पडद्याचं कापड आणलं, 'हे नाही चालणार.' नवी चप्पल आणली, 'ही नाही चालणार.' फारच रागावली तर माहेरची बोली तोंडात यायची, 'नाय चालनार!' आणि मग त्यावर अपील नसे. डोळखांबकडची सोमी रोज आमच्या आळीत डोक्यावर पाटी घेऊन येते. करांद्याचे कंद, पावट्याच्या शेंगा, दिवसाला जे मिळेल ते. देवकी तिच्याशी असा भाव करायची की सोमी तीनदा पाटी उचलून आळीच्या टोकापर्यंत जायची आणि तीनदा परत यायची. दोघींना त्याशिवाय करमायचं नाही.

गेल्या वर्षी हे सगळं हळूहळू बंद पडलं. आधी झोप गेली. मग देवकी तास तास मोरीच्या उंबऱ्यावर हातात ब्रश घेऊन नुसती बसायला लागली. आणि मग प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर. भाजी कसली करू? चालेल. अगं, कसली करू असं विचारतोय मी! चालेल. एकदा मी मुद्दाम पोपटी रंगाचं बेडशीट आणलं, ज्याच्यावर वाघाचं तोंड होतं. एवढं मोठं. तिने बघितलं आणि म्हणाली, 'चालेल.' त्या दिवशी मी खरा हादरलो. रात्रभर त्या वाघावर झोपून मला रडू येत होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

कल्याणच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून निदान केलं, गोळ्या सुरू केल्या. पाच महिन्यांत फरक पडला. झोप लागू लागली, दोन घास जाऊ लागले. पण 'चालेल' काही हटेना. मानेत, खांद्यात दुखायचं, ते वेगळंच. डॉक्टर म्हणाले, "हवं तर सोबत ॲक्युपंक्चर करून बघा. काही पेशंटना झोपेला, अंगदुखीला, मन शांत व्हायला मदत होते, काहींना नाही होत. पण एक लक्षात ठेवा, हे गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या जागी नाही. गोळी एक दिवसही चुकवायची नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं. परतीच्या वाटेवर देवकी एवढंच म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ. आळीत कळलं तर वेडी म्हणतील."

मी शपथ घेतली. आणि इथून माझ्या आयुष्याची घसरण सुरू झाली.

शहापुरात असा उपचार घेणं अशक्य. आमच्या गावात माणूस मेडिकलमधून बाहेर पडायच्या आत त्याच्या पिशवीत काय आहे ते घरी पोचलेलं असतं. म्हणून मी मुरबाडचा दवाखाना शोधला. पण मुरबाडला आठवड्यातून एकदा नवराबायकोंनी जायचं म्हणजे कारण पाहिजे. खोटं बोलायचं तर साधं, सोपं, कुणाला तपासता येणार नाही असं बोलावं, म्हणून मी माझी कंबर पुढे केली. दुसऱ्या दिवसापासून मी एक हात कंबरेवर ठेवून चालायला लागलो. जमलंही छान. ऑफिसात मला पहिल्यांदाच खुर्ची पुढे करण्यात आली.

पण कंबर ही खासगी बाब नाही, हे मला माहीत नव्हतं! आमचे शेजारी जगदीशभाऊ, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, अजूनही समोरच्याला 'पुढे सरका' अशा नजरेनेच बघतात. त्यांनी निरगुडीच्या पाल्याचा शेक सांगितला आणि पाला घेऊनच आले. समोरच्या मास्तरांनी गरम विटेवर बसायला सांगितलं. कुणी एरंडेल आणलं, कुणी पट्टा आणला. तो त्यांच्या वारलेल्या वडिलांचा होता. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण दुखतंय असं मीच सांगितलं होतं. मी विटेवर बसलो. पुढचे दोन दिवस मी विटेमुळे उभा होतो, पण लोक म्हणाले, बघा, केवढी दुखतेय बिचाऱ्याची.

त्यात जगदीशभाऊंच्या मंडळी, सरितावहिनी, म्हणाल्या, "भावजी, ही उसण आहे. उसणीला पायाळू माणसाची लाथ लागते. आपली सोमी पायाळू आहे!"

पायाळू म्हणजे जन्मताना जे पायांकडून बाहेर येतात ते. त्यांचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे मानतात. मी विज्ञानवादी माणूस आहे. पण भर आळीत आठ बायका, जगदीशभाऊ आणि मास्तर असे जमलेले असताना विज्ञान कुठवर पुरणार? मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सोमीने पाटी उतरवली. बिचारी लाजत होती. "दादा, पाप लागंल मना. तुमी सरकारी मानूस."

"मार गो, मार," सरितावहिनी म्हणाल्या. "हळू मारशील तर गुण यायचा नाय."

सोमीने डावा पाय उचलला. हळू मारण्याचा तिचा विचार मला कुठेही जाणवला नाही. तीन लाथा बसल्या. डोंगर चढण्या-उतरण्यात आयुष्य गेलेला पाय तो! तिसऱ्या लाथेला माझ्या कंबरेतून आवाज आला, आणि त्या क्षणापासून माझी कंबर खरोखर दुखायला लागली. आजतागायत दुखते आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी भिंतीला धरून मागे बघितलं. देवकी दारात उभी होती. तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला होता, असा माझा संशय आहे. संशयच. लगेच ती आत गेली. पण सोमी मात्र नेहमीसारखी आमच्या पायरीवर जाऊन बसली. ती रोज बसायची. देवकी काही बोलायची नाही, सोमीही विचारायची नाही. दोघी मिळून पावटे सोलायच्या. कधी कधी सोमी म्हणायची, "भाव कर ना गो बाय," आणि देवकी म्हणायची, "देशील ते चालेल," मग सोमी मान खाली घालून उगाच मूठभर जास्त टाकायची.

पहिल्या सिटिंगची तारीख मिळाली गुरुवारची, सकाळी दहाची. त्याच दिवशी दुपारी माझी बहीण रुपा हिच्या दीपेशचा साखरपुडा, सिद्धगडाच्या पायथ्याशी तिच्या गावी. मुरबाडहून पुढेच जायचं. मी म्हटलं, एका रजेत दोन कामं. अर्ज लिहायला बसलो. कारणाच्या रकान्यात 'कंबरदुखीवरील उपचार' असं लिहिलं. आता ह्या रकान्याबद्दल माझी कीर्ती आहे. कारण स्पष्ट नसलेले अर्ज मी अठ्ठावीस वर्षं परत पाठवत आलो आहे. पण त्या दिवशी विटेमुळे मी उभ्याने लिहीत होतो आणि अर्जाला डॉक्टरांच्या चिठ्ठीऐवजी साखरपुड्याची पत्रिका टाचली गेली.

गुरुवारी जगदीशभाऊंनी त्यांची गाडी काढली. "कंबरवाल्या माणसाला एसटीत बसवणार नाय," म्हणाले. सरितावहिनी घर राखायला मागे राहिल्या. आम्ही तिघे निघालो. किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला पोचेपर्यंत जगदीशभाऊंनी रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याची मला आगाऊ सूचना दिली, आणि तरीही तो चुकवला नाही. दवाखान्याशी ते गाडीतच थांबले. मालिशवाला दवाखाना आहे असं मी त्यांना सांगितलं होतं.

आत डॉक्टर हर्षाली. वयाने आमच्या मुलीएवढ्या, बोलायला शांत. त्यांनी देवकीची कल्याणची फाइल नीट वाचली, गोळ्या विचारल्या, आणि एक ट्रे पुढे घेतला. त्यातल्या सुया बघून मला पहिला धक्का बसला.

"मॅडम, ह्यात औषध कुठून भरायचं? ह्याला भोकच नाही."

"औषध नसतं, सर. नुसती सुई."

नुसती सुई! आमच्याकडे डॉक्टरने इंजेक्शन दिलं नाही तर लोक म्हणतात, डॉक्टरला काही येत नाही. आणि इथे इंजेक्शन होतं पण रिकामं! हा प्रकार मला पाकीट आहे आणि आत पत्र नाही असा वाटला.

देवकी मात्र खुर्चीला घट्ट धरून बसली होती. ती म्हणाली, "आधी ह्यांना लावा. मला लावणार तिथेच लावा. मग बघते."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिने काहीतरी मागितलं होतं. तिने डोकं मागितलं असतं तरी मी दिलं असतं, आणि नेमकं तेच मागितलं गेलं. सात सुया. दोन मनगटांवर, दोन पायांवर, दोन कानांशी आणि एक टाळूवर. दुखलं म्हणाल तर नाही, मुंगीने विचारपूस केल्याएवढंच. वीस मिनिटं पडून राहायचं होतं. दहाव्या मिनिटाला मला चक्क गुंगी आली. माझे केस, सांगायला हरकत नाही, ह्या वयातही अतिशय दाट आहेत. तालुक्यात माझ्या वयाच्या दोघांचेच आहेत, आणि दुसऱ्याचे खरे नाहीत.

डॉक्टर सुया काढायला लागल्या. मनगटाच्या झाल्या, पायाच्या झाल्या, कानाच्या झाल्या, आणि माझा फोन वाजला. साहेब.

"कुंडलिक, अर्जात कंबरदुखी लिहिलंय आणि जोडलीय साखरपुड्याची पत्रिका. कुणाची कंबर, कुणाचा साखरपुडा? कारण स्पष्ट होत नाही."

माझंच वाक्य! माझंच, शब्दासकट! मी ताडकन उठलो. डॉक्टर म्हणाल्या, "सर, थांबा, अजून..." मी हातानेच 'झालं झालं' अशी खूण केली आणि रेंजसाठी बाहेर धावलो. अर्धा तास मी साहेबांना कंबर आणि भाचा ह्यांचा परस्परसंबंध समजावून देत होतो. तेवढ्यात देवकीने स्वतःच्या सुया लावून घेतल्या होत्या. मी परत आलो तेव्हा ती चप्पल घालत होती. डॉक्टर पडद्याआड दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. जगदीशभाऊ हॉर्न वाजवत होते. आम्ही निघालो.

मांडवात पोचलो तर मुहूर्ताला अर्धा तास होता. मी मुलाचा मामा, म्हणजे पहिला मान माझा. आमच्याकडे मामाला फेटा बांधल्याशिवाय सुपारी फुटत नाही. फेटे बांधायला भगीरथबुवा म्हणून खास माणूस आणला होता, पंचक्रोशीत नावाजलेला. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून देवकी बसली होती, पदर खांद्यावरून घेऊन, नजर कुठेतरी भलतीकडे. मला पाटावर बसवलं. भगीरथबुवांनी कापडाला पीळ दिला, आणि पहिला वेढा नीट बसावा म्हणून माझ्या टाळूवर आपला पंजा दाबला.

"आई गं!" भगीरथबुवा ओरडले आणि हात झटकत दोन फूट मागे गेले. तळहातावर रक्ताचा थेंब. सगळे धावले. कुणीतरी माझे केस फाकले. आणि ती सुई बाहेर आली.

सनईची रेकॉर्ड चालू होती, ती कुणीतरी बंद केली. माझं स्वतःचं तोंड उघडंच राहिलं. मला सुई निघाल्याचा धक्का नव्हता, ती दोन तास डोक्यात असताना मी साहेबांशी बोललो, चहा प्यालो आणि चार लोकांना वाकून नमस्कार केला, ह्याचा होता.

रुपाचे सासरे तात्या, ऐंशीचे गृहस्थ, पुढे आले. सुई त्यांनी रुमालात धरली, तांब्याची तार बघितली आणि म्हणाले, "करनी हाय."

"अहो तात्या, करणी कसली!" मी म्हणालो. शपथेत राहून जेवढं खरं सांगता येईल तेवढं मी सांगितलं. "ही माझ्या कंबरेच्या उपचाराची सुई आहे."

तात्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "कंबरंची सुई डोक्यात?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर आहे?

"आनि हिच्यात औषद कुठशी भरतात?" मागून कुणीतरी विचारलं.

"औषध नसतं. नुसती सुई असते."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "करनी झालेला मानूस असाच बोलतो," तात्या म्हणाले. क्षणात माझ्या मांडीवर लिंबू आलं. कुणी मिरच्या आणायला धावलं. मुलीचे वडील आपल्या माणसांना बाजूला घेऊन मुहूर्त पुढे ढकलायचं बोलू लागले. दीपेशचा चेहरा पांढराफटक. रुपा रडकुंडीला येऊन म्हणाली, "दादा, इतक्यात तुझ्या अंगाला कुणी हात लावला होता का रे?"

"हात नाय," जगदीशभाऊ गरजले, "पाय लावला! सोमीनं! तीन वेळा! माझ्या डोळ्यांदेखत!"

झालं. मांडवभर एकच नाव. कोण सोमी? डोळखांबची? पाटी घेऊन फिरते? पायाळू? रोज ह्यांच्या पायरीवर येऊन बसते? बसते काय! तरीच! कुणी म्हणालं भगताला बोलवा, कुणी म्हणालं तिच्या पाड्यावर चला. ज्या बाईने लाजत लाजत, माझ्याच खोटेपणापायी, शेजाऱ्यांच्या आग्रहाने मला लाथ मारली होती, तिला पाच मिनिटांत भुताळीण ठरवून लोक मोकळे झाले. असा ठप्पा एकदा बसला की त्या बाईला कुठलंही दार उघडत नाही, कुठलीही विहीर तिची राहत नाही. मी ओरडत होतो, "अहो, ऐका, ऐका!" पण ज्याच्या मांडीवर लिंबू आहे त्याचं कोण ऐकतं? जगदीशभाऊ तोवर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायला लागले होते, कारण त्या गावात रेंज फक्त टाकीवर येते. "सरिताला फोन लावतो. आजपासून सोमीला आळीत पाय ठेवून द्यायचा नाय!"

मी देवकीकडे पाहिलं. शपथ तिची होती. तिच्या गळ्याची. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"जगदीशभाऊ, खाली उतरा."

आवाज एवढा मोठा होता की मला आधी वाटलं रुपाच बोलली. पण देवकी उभी होती. खांबाला धरून. जगदीशभाऊ शिडीवर होते तिथेच थांबले. उतरले.

"ती सुई माझी आहे," देवकी म्हणाली. "दवाखान्याची. ह्यांची कंबर खोटी. म्हणजे आधी खोटी होती. आजारी मी आहे. मला डिप्रेशन आहे. पाच महिने गोळ्या खाते. मला भीती वाटली म्हणून आधी ह्यांना लावायला सांगितल्या. सात लावल्या. ह्यांनी सहा काढू दिल्या आणि पळाले. मला पण सात लावल्या, मी मोजून काढून घेतल्या. ह्यांना कुठलंच काम पूर्ण होईपर्यंत बसवत नाय."

तीनशे लोक माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या गंभीर प्रसंगीसुद्धा मला ते शेवटचं वाक्य अनावश्यक वाटलं, हे नमूद करतो.

"म्हंजे, पोरी," तात्या चाचरत म्हणाले, "डोक्याचा आजार?"

"सकाळी उठून दात घासायचे म्हटलं तरी रडू यायचं, तात्या. कारण काहीच नाय. घरात सगळं आहे. तरी उठवायचं नाय. त्याला वेड म्हणायचं असेल तर म्हणा." ती दम घ्यायला थांबली. "ह्या आठ महिन्यांत मी दार उघडायची ते फक्त सोमी यायची म्हणून. ती काय विचारायची नाय, नुसती बसायची. तिला आळीत कुणी अडवलं, तर माझ्या दारात पुन्हा येऊ नका. कुणीच."

आणि ती खाली बसली. रुपा धावत गेली आणि तिला कवेत घेऊन रडायला लागली. "वहिनी गो! मला वाटलं गणपतीत साडी नीट दिली नाय म्हणून तू माझ्यावर रुसलीस. आठ महिने मी मनात कुढतेय!"

मी तिथे पाटावर, लिंबू हातात घेऊन बसलेलो. एकतीस वर्षं संसार केलेली ही बाई मला त्या क्षणी अनोळखी वाटत होती, आणि छाती भरून आली होती. शेवटी तात्यांनी सुई रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली, म्हणाले, "डाक्टरची वस्तू. परत द्या," आणि भगीरथबुवांकडे वळले. भगीरथबुवांनी माझ्या डोक्याकडे दुरूनच बघितलं. "अजून हाय का कुठं आत?"

"नाही."

"मोजल्या का?"

"सात," देवकी तिकडून म्हणाली. फेटा बांधला गेला. सुपारी फुटली.

परतताना सरळगावला गाडी पोचली आणि माझा फोन लागोपाठ वाजायला लागला. डॉक्टर हर्षालींचे चौदा मिस्ड कॉल आणि एक मेसेज. 'सर, एक सुई कमी भरते आहे. कृपया डोक्याला हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका.' खड्डे आले ते जगदीशभाऊंनी वाटभर एकदाही सांगितले नाहीत. शहापूर आल्यावर फक्त म्हणाले, "वहिनी, चुकलो. सोमीला मी स्वतः सांगेन."

सांगितलंही. दुसऱ्या दिवशी सोमी पाटी घेऊन आली, मला दारातच विचारलं, "दादा, माज्या लाथंत सुई व्हती म्हनं?"

आता गोष्टीत इथे देवकी खडखडीत बरी व्हायला पाहिजे. पण तसं होत नसतं. साखरपुड्यानंतर दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. चहा? चालेल. पेज? चालेल. कल्याणच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, असे दिवस येतील, गोळ्या चालू ठेवा, सिटिंगही चालू ठेवा, घाबरू नका. मी घाबरलोच. आळीतल्या सल्ल्यांनी माझी कंबर सोडून आता तिच्याकडे मोर्चा वळवला होता. पण गंमत म्हणजे तिला वेडी कुणी म्हटलं नाही. सरितावहिनी बदाम घेऊन आल्या, मास्तर ताक घेऊन आले. विटेवर बस असं मात्र तिला कुणी सांगितलं नाही. दुसरं सिटिंग झालं, तिसरं झालं. सुया डॉक्टर लावायच्या, मोजायची देवकी. मान थोडी हलकी वाटते म्हणाली. मीही माझी कंबर दाखवून घेतली, कारण ती आता खरी होती.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट. सोमी आळीत आली नाही, बाजारात बसली होती, म्हणून मीच जाऊन शेंगा आणल्या. आणून ओट्यावर ठेवल्या आणि पेपर उघडला. मग देवकी बाहेर आली, हातात दोन शेंगा.

"हे काय?"

"पावटे."

"निम्म्यात अळी आहे, निम्मे पोचट. डोळे फुटले होते? नाय चालनार! परत करून या. आणि सोमीला सांगा, सोबत बाई नाय बघून सरकारी माणसाला फसवते, लाज नाय वाटत?"

मी जागेवरून उठलो. पेपर कुठे पडला मला माहीत नाही. त्या शेंगांची पिशवी छातीशी धरून, एका हाताने कंबर धरून मी बाजारापर्यंत जवळजवळ धावत गेलो. वाटेत जगदीशभाऊंनी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "नाय चालनार म्हणाली!" ते हबकून बघत राहिले.

सोमीसमोर पिशवी ठेवली. "देवकीने परत पाठवल्या. नाय चालनार म्हणाली."

सोमीच्या हातातलं वजन हातातच राहिलं. "कोन? बाय बोलली?"

"हो."

"रागानं?"

"रागाने. तुला लाज वाटत नाही का असंही विचारलंय."

सोमीने पदराने तोंड झाकलं. मला वाटलं, रडते आहे. रडतही होती, हसतही होती. मग तिने डोळे पुसले, सगळ्या शेंगा उलट्या ओतल्या, एकेक निवडून चांगल्या तेवढ्या भरल्या आणि पिशवी माझ्याकडे देता देता मागे ओढून घेतली.

"तिला जाऊन सांगा," सोमी म्हणाली, "हवं तर स्वता येऊन भांड. तुमच्या हाती मी नाय देनार."

मी रिकाम्या हाताने घरी आलो आणि सांगितलं. देवकी चप्पल शोधायला लागली.